काझिम काराबेकिर: ज्याने केमालला अटक केली नाही, तो सात वर्षांत आरोपीच्या पिंजऱ्यात कसा आला?

अक्षांश

तुर्कस्तानचा १९१९ ते १९२७ हा काळ सध्या वाचतो आहे. मुस्तफा केमाल (पुढचा अतातुर्क), इस्मेत इनोनू ही नावं आपल्याकडे निदान ऐकून माहीत असतात. पण वाचता वाचता काझिम काराबेकिर पाशापाशी येऊन थांबलो, आणि तो काही डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

थोडक्यात पार्श्वभूमी देतो. काराबेकिरचा जन्म १८८२ चा, इस्तंबूलचा. १९०५ साली स्टाफ कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. बाल्कन युद्धात एदिर्नेच्या वेढ्यात होता, शहर पडल्यावर कैद झाला. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली, मग इराक, मग कॉकेशस. १९१८ मध्ये रशियन सैन्य विस्कटल्यावर एर्झिंजान, एर्झुरुम परत घेणाऱ्यांत तो होता.

आता मुख्य प्रसंग. ऑक्टोबर १९१८ मध्ये मुद्रोसचा युद्धविराम झाला आणि ऑटोमन फौजा मोडीत निघाल्या. अपवाद पूर्वेचा. एप्रिल १९१९ मध्ये काराबेकिर ट्रॅबझोनला उतरला आणि मेच्या सुरुवातीला एर्झुरुमला पंधराव्या कोअरचा (अनेक डिव्हिजनच्या मोठ्या फौजेचा) कमांडर म्हणून रुजू झाला. म्हणजे केमाल सॅमसूनला उतरला त्याच्या महिनाभर आधीच हा अनातोलियात होता. उरलेल्या सैन्यातली सगळ्यांत धड अवस्थेतली फौज त्याच्या हाताखाली होती, आणि तिची शस्त्रं ब्रिटिशांच्या हवाली करायला तो तयार नव्हता.

जुलैमध्ये इस्तंबूलच्या सरकारने केमालला परत बोलावलं. केमालने ८ जुलैच्या रात्री लष्कराचा राजीनामा दिला. आता त्याच्याकडे हुद्दा नाही, फौज नाही, आणि महिनाअखेरीस त्याला पकडण्याचा हुकूमही निघाला. हुकूम बजावायचा कुणी? काराबेकिरने. त्याने तो बजावला नाही. त्याआधी, राजीनाम्यानंतर लगेच, त्याने केमालपुढे उभा राहून सलाम केला आणि माझी कोअर पूर्वीसारखीच आपल्या आज्ञेत आहे, असं सांगितलं. २३ जुलैला एर्झुरुमची परिषद भरली ती या फौजेच्या आडोशाने.

हाच माणूस जून १९२६ मध्ये केमालच्या खुनाच्या कटातला आरोपी म्हणून इझमिरच्या न्यायालयात उभा होता.

माझं मत सांगतो. हे व्यक्तिगत हेव्यादाव्याचं प्रकरण म्हणून रंगवतात, ते मला अपुरं वाटतं. खरा सांधा १९२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आहे. तोवर सेनापती एकाच वेळी फौज सांभाळत होते आणि संसदेतही बसत होते. त्या शरद ऋतूत त्यांना 'एक काहीतरी निवडा' असं सांगितलं गेलं. २६ ऑक्टोबरला काराबेकिरने पहिल्या सेनेच्या निरीक्षकपदाचा राजीनामा दिला, चार दिवसांनी अली फुआत या दुसऱ्या सेनापतीने दुसऱ्या सेनेचा. १७ नोव्हेंबरला दोघांनी रऊफ, रेफेत, अदनान या जुन्या सहकाऱ्यांबरोबर विरोधी पक्ष काढला. नियम मला तत्त्व म्हणून योग्यच वाटतो. पण ज्यांनी फौज निवडली त्यांना पुढे वीस वर्षं मिळाली आणि ज्यांनी संसद निवडली त्यांना सात महिने. हे तत्त्व होतं की डाव?

पारवा

वाचनखूण साठवली. शाळेत तुर्कस्तान 'युरोपचा आजारी माणूस' या एका ओळीत संपायचं. त्या आजाऱ्याच्या खोलीत एवढी माणसं बसली होती हे कुणी सांगितलंच नव्हतं!

सुभेदार_बेळगाव

चांगला विषय. मी फौजेत आयुष्य काढलं आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

गणवेश आणि खुर्ची एका माणसाकडे असू नये. यात मला दुसरी बाजूच दिसत नाही. हाताखाली हजारो बंदुका असलेला माणूस सभागृहात उभा राहून सरकारवर टीका करायला लागला की ती टीका राहत नाही, धमकी होते. त्याची इच्छा असो वा नसो. ऐकणारे प्रत्येक वाक्याचा अर्थ त्याची डिव्हिजन कुठे आहे ते बघून लावतात. केमाल स्वतः सैनिक होता, १९०८ च्या क्रांतीत अधिकारी राजकारणात घुसले की काय होतं ते त्याने पाहिलं होतं. बाल्कन युद्धात ऑटोमन फौज फुटली त्यात अधिकाऱ्यांच्या पक्षबाजीचा मोठा वाटा होता. तेव्हा १९२४ चा निर्णय योग्य. काराबेकिर पाशांनी राजीनामा देऊन मग पक्ष काढला हेही योग्य. एका खऱ्या अधिकाऱ्याला शोभेल असंच वागले.

त्यांच्या नंतरच्या हालांचा दोष नियमाला देऊ नका, इतकंच म्हणणं.

रानजाई

सुभेदारसाहेब, नियम कागदावर तुम्ही म्हणता तसाच आहे. पण तो कसा राबवला ते बघा.

अधिकाऱ्यांनी सक्रिय नोकरीत असताना खासदार राहू नये असा कायदा डिसेंबर १९२३ मध्येच झाला होता. त्यातून विद्यमान खासदार-सेनापती वगळले होते. म्हणजे जवळजवळ वर्षभर तत्त्वाची निकड कुणाला वाटली नाही. काराबेकिर आणि अली फुआत यांनी फौज सोडून विरोधात बसायचं ठरवल्याबरोबर केमालने बाकी सेनापतींना तारा केल्या: संसद सोडा, फौजेत राहा. सेनाप्रमुख फेव्झी पाशा (चाकमाक), फहरेत्तिन, इझ्झेत्तिन, अली हिक्मेत, शुक्रू नाईली यांनी लगेच ऐकलं. जेवात आणि जाफेर तैय्यार यांनी संसद निवडली.

हेतू उघड आहे. विरोधी पक्ष निघणार हे कळलं, तेव्हा त्या पक्षाच्या मागे एकही फौज उभी राहू नये याची तजवीज केली. तजवीज हुशारीची होती, मान्य. पण तिला लोकशाहीचं तत्त्व म्हणू नये.

अक्षांशदादा, एक पुरवणी. ३ मार्च १९२४ ला खिलाफत रद्द झाली त्याच दिवशी जनरल स्टाफचं मंत्रिपदही रद्द झालं. सेनाप्रमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडला आणि संसदेच्या प्रश्नोत्तरांतूनही. फेव्झी चाकमाक त्या खुर्चीवर १९४४ पर्यंत होता. फौज राजकारणातून बाहेर काढली म्हणतात, प्रत्यक्षात ती संसदेच्या पोचेतून बाहेर काढली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऐन_दुपार

धागा छान चालला आहे, पण एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून मी काढते. काराबेकिरला 'अन्याय झालेला सज्जन सेनापती' एवढंच ठेवलं तर आपण इतिहासाचं अर्धं पान फाडतो.

सप्टेंबर १९२० मध्ये त्याने आर्मेनियाच्या नव्या प्रजासत्ताकावर चढाई केली. २९ सप्टेंबरला सारीकामिश, ३० ऑक्टोबरला कार्स, ७ नोव्हेंबरला गुम्रू, म्हणजे अलेक्झांड्रोपोल. कार्सचा किल्ला एका दिवसात पडला. हे लष्करीदृष्ट्या कौतुकाचं म्हणून तुर्की पुस्तकांत येतं. पण समोर कोण होतं? १९१५ च्या वंशसंहारातून वाचलेले निर्वासित आणि उपासमारीने खंगलेलं दोन वर्षांचं राज्य. कार्समध्ये आणि त्या पट्ट्यात आर्मेनियन नागरिकांच्या हत्या झाल्या, गावं ओस पडली. गुम्रूचा तह २ डिसेंबरच्या रात्री झाला तेव्हा ज्या सरकारच्या वतीने आर्मेनियन प्रतिनिधी सही करत होते ते येरेवानमध्ये सत्ता बोल्शेविकांच्या हाती सोपवून मोकळं झालं होतं.

तुर्कस्तानची पूर्व सीमा आज जिथे आहे ती या मोहिमेने ठरली. १३ ऑक्टोबर १९२१ च्या कार्स तहाने तिच्यावर शिक्का बसला. काराबेकिर त्या वाटाघाटींत तुर्की बाजूचा प्रमुख होता. त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत टिकाऊ काम कुठलं म्हणाल तर हे, आणि त्याची किंमत कुणी मोजली हेही त्याच वाक्यात आलं पाहिजे.

अक्षांश

ऐन_दुपार, हे आलं ते बरंच झालं. मी राजकीय बाजूने मांडणी केली होती, पण १९२४ मध्ये त्याचं वजन एवढं का होतं ते या मोहिमेशिवाय समजतच नाही. १९२० च्या अखेरीस अंकाराच्या सरकारकडे दाखवण्यासारखा पहिला मोठा विजय हाच होता. पश्चिमेला ग्रीक पुढे सरकत होते. पूर्वेची आघाडी मिटली, रशियाशी दार उघडलं, पूर्वेकडची माणसं आणि तोफा पश्चिमेकडे वळवता आल्या. १९२१ च्या, ग्रीकांविरुद्धच्या साकार्याच्या लढाईमागे कार्स आहे.

आणि म्हणूनच काराबेकिरच्या मनात आपण बरोबरीचे आहोत ही भावना शेवटपर्यंत राहिली. केमालच्या नजरेत मात्र १९२२ नंतर बरोबरीचं कुणी उरलं नव्हतं.

हरपाळ

या पाशाचा आणि आपल्या माणसांचा आमनेसामने संबंध आला आहे, हे इथे नोंदवतो.

इराकमधल्या कूत-अल-अमाराचा वेढा. ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या हाताखाली अडकलेली सहावी डिव्हिजन ही पुणे डिव्हिजन होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा, शेवटी घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजारांनी शरणागती दिली, त्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई आणि सेवक होते. त्यानंतर वाळवंटातून जी पायपीट झाली तिच्यात किती जण गेले!

काराबेकिर त्याच महिन्यात अठराव्या कोअरचा कमांडर झाला होता आणि पुढे फेब्रुवारी १९१७ मध्ये ब्रिटिशांनी कूत परत घेतलं तेव्हा तिथल्या बचावाची सूत्रं त्याच्याकडे होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या भागांतल्या कित्येक गावांत 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले' असे संगमरवरी फलक आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या समोरच्या खंदकाच्या मागे हा माणूस होता.

सुभेदार_बेळगाव

हरपाळ, मनापासून धन्यवाद. आमच्या रेजिमेंटमध्ये मेसोपोटेमियाची नावं रिक्रूटला सुरुवातीलाच ऐकवतात. कूत, तेसिफोन, शरकत. समोरचा सेनापती कोण होता हे मात्र आज या धाग्यावर कळलं. शत्रूचं नाव माहीत असायला हवं, त्याशिवाय आपल्या माणसांनी काय केलं त्याचं मोल नीट कळत नाही.

खडीसाखर

अवांतर: हिंदुस्थानशी अजून एक धागा जोडते. एर्झुरुममध्ये काराबेकिरच्या डोळ्यांसमोर युद्धविरामाची अंमलबजावणी तपासायला एक ब्रिटिश अधिकारी बसवला होता, कर्नल आल्फ्रेड रॉलिन्सन. तोफांचे ब्रीचब्लॉक (मागची झाकणं), बंदुकांचे बोल्ट मोजून ताब्यात घ्यायचे आणि रेल्वेने बाहेर काढायचे, हे त्याचं काम. काराबेकिर त्याच्याशी अत्यंत सभ्यपणे वागला आणि शस्त्रं काही हलू दिली नाहीत. १६ मार्च १९२० ला ब्रिटिशांनी इस्तंबूलचा ताबा घेतला, त्याबरोबर काराबेकिरने या साहेबाला अडकवून ठेवलं. माल्टात ब्रिटिशांनी डांबलेल्या तुर्की पुढाऱ्यांच्या बदल्यात १९२१ च्या शेवटी तो सुटला.

त्या कैद्याचा सख्खा भाऊ हेन्री रॉलिन्सन त्याच सुमारास हिंदुस्थानचा सरसेनापती होऊन आला होता.

पारवा

काय सांगता! म्हणजे एक भाऊ इकडे आपल्याला कवायत शिकवतोय आणि दुसरा तिकडे एर्झुरुमच्या थंडीत नजरकैदेत!

उंबरठा_ओलांडून

खिलाफत चळवळीचाही उल्लेख व्हायला हवा ना? मुंबई तिचं केंद्र होतं, मध्यवर्ती खिलाफत समिती इथलीच. इथून गोळा झालेला पैसा अंकाराला गेला आणि त्यातला काही भाग पुढे १९२४ साली तुर्कस्तानातल्या नव्या इश बँकेच्या भांडवलात घातला गेला. आपल्याकडच्या कुणा अत्तरवाल्याने, कुणा गिरणीतल्या कामगाराने दिलेली नाणी तिकडे बँक होऊन बसली.

पण इथल्या लोकांना ज्यासाठी लढायचं होतं ती खिलाफत मात्र त्यांनी रद्द केली. काराबेकिरचं यावर काय मत होतं?

रानजाई

उंबरठाताई, चांगला प्रश्न. खिलाफत हे तर १९२३-२४ च्या भांडणाचं एक मूळच आहे. नोव्हेंबर-डिसेंबर १९२३ मध्ये आगा खान आणि अमीर अली यांनी लंडनहून पंतप्रधान इस्मेतला पत्र पाठवलं: खलिफाचा मान राखा. ते अंकाराला पोचण्याआधी इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. इस्मेतने संसदेत रान उठवलं, संपादकांवर खटले भरले. दोन हिंदी मुसलमान पुढाऱ्यांच्या पत्राने खलिफाचं आसन वाचायच्या ऐवजी तीन महिन्यांत गेलं.

काराबेकिर, रऊफ हे लोक खलिफाभक्त होते असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. त्यांचा मुख्य आक्षेप पद्धतीवर होता. २९ ऑक्टोबर १९२३ ला प्रजासत्ताक जाहीर झालं तेव्हा काराबेकिर ट्रॅबझोनमध्ये होता. ज्याने पूर्व आघाडी सांभाळली त्याला आपल्या देशाचा राज्यप्रकार बदलल्याची बातमी बाकी लोकांबरोबर कळते, याचा त्याला संताप होता. एका माणसाभोवती सगळं गोळा होतंय ही भीती होती. त्यांच्या पक्षाच्या कार्यक्रमात एक कलमच होतं: राष्ट्राध्यक्ष निवडून आला की त्याची खासदारकी संपावी. हे कलम कुणासाठी होतं ते सांगायला नको.

शिवाय 'पक्ष धार्मिक विचार आणि श्रद्धांचा आदर करतो' असं कलम ६ होतं. पुढे पक्षाला फास लागला तो याच कलमाचा.

ओवी_गाते

मी जरा वेगळं लिहिते. शिक्षिका आहे म्हणून माझं लक्ष भलतीकडेच गेलं.

पूर्वेत युद्धाने हजारो मुलं अनाथ झाली होती, रस्त्यांवर, पडक्या घरांत. काराबेकिरने ती गोळा करून एर्झुरुम, सारीकामिश भागात त्यांच्यासाठी शाळा काढल्या. नुसत्या पाटी-पेन्सिलीच्या नाहीत. सुतारकाम, चर्मकाम, शिवणकाम, व्यायाम, संगीत, नाटक. मुलांच्या वाद्यवृंदाची हौस. तो स्वतः व्हायोलिन वाजवायचा, मुलांसाठी गाणी लिहायचा, चाली लावायचा. लढाई चालू असताना कमांडर संध्याकाळी मुलांच्या नाटकाची तालीम बघतो आहे, हे चित्र मला फार आवडतं.

त्या मुलांना गणवेश घालून 'धष्टपुष्टांची फौज' म्हणत, लहान वयात कवायत शिकवत. शिक्षिका म्हणून मला ते खटकतं. प्रत्येक मूल म्हणजे उद्याचा शिपाई, ही त्या काळाची नजर. तरीही उपाशी मुलाला आधी जेवण आणि मग हातात रंधा देणारा सेनापती मी दुसरा वाचलेला नाही.

ऐन_दुपार

ओवीताई, आवडलं. पण त्याच वर्षांत गुम्रूमध्ये अमेरिकी मदत संस्था हजारो आर्मेनियन अनाथ सांभाळत होती. त्याच सीमेच्या दोन बाजूंना दोन अनाथालयं, एकाच युद्धातली. दोन्ही एकत्र वाचा, एवढीच विनंती.

ओवी_गाते

वाचेन. नक्की वाचेन.

फिरस्ता_नाशिक

कार्सला जाऊन आलोय, त्यामुळे दोन शब्द. शहर तुर्की वाटतच नाही. १८७८ ते पहिल्या महायुद्धापर्यंत रशियाकडे होतं, त्यामुळे काळ्या दगडाच्या रशियन इमारती, सरळ आखलेले रस्ते. वर किल्ला, खाली दहाव्या शतकातलं आर्मेनियन चर्च, ज्याची आता मशीद आहे. संग्रहालयाच्या आवारात काराबेकिरच्या नावाने ओळखला जाणारा रेल्वेचा डबा ठेवला आहे.

तिथून ४०-४५ किलोमीटरवर आनी. आर्मेनियन राजांची जुनी राजधानी, आता नुसते अवशेष. दरीत नदी, पलीकडे आर्मेनिया. सीमा १९९३ पासून बंद. पलीकडचे टेहळणीचे मनोरे स्पष्ट दिसतात. कार्सच्या तहाबद्दल वाचणं वेगळं आणि त्या दरीच्या काठावर उभं राहणं वेगळं.

आणि हो, कार्सचं चीज आणि मध घेतल्याशिवाय येऊ नका. धागा लष्करी आहे, पण पोटही चालतंच सैन्याबरोबर.

घटोत्कच_पुणे

सगळं वाचलं. माझा थेट प्रश्न: तो खुनाच्या कटात होता की नव्हता? बाकी तत्त्वं नंतर.

अक्षांश

नव्हता. न्यायालयानेच निर्दोष सोडला. क्रम सांगतो, कारण तो महत्त्वाचा आहे.

फेब्रुवारी १९२५: पूर्वेत शेख सैदचं बंड. ४ मार्च: सुव्यवस्थेचा कायदा, सरकारला कुठलीही संघटना, वर्तमानपत्र बंद करण्याचा अधिकार. जून १९२५: काराबेकिरचा पक्ष बंद. कारण काय, तर बंडखोर धर्माचं नाव घेत होते आणि पक्षाच्या कार्यक्रमात ते कलम ६ होतं. पक्षाचा बंडाशी संबंध सिद्ध झालेला नव्हता.

जून १९२६: इझमिरच्या रस्त्यावर केमालवर हल्ला करण्याचा कट उघड झाला. कट खरा होता. माजी खासदार झिया हुर्शित त्याच्या केंद्रस्थानी, आणि पळून जायला ज्याची होडी ठरवली होती त्यानेच बातमी फोडली. मग स्वातंत्र्य न्यायाधिकरण या खास न्यायालयाने बंद झालेल्या पक्षाचे देशात असलेले झाडून सगळे पुढारी पकडले. काराबेकिरला अंकारात धरलं. पंतप्रधान इस्मेतने त्याला सोडायला लावलं, तर न्यायाधिकरणाने पुन्हा धरला आणि पंतप्रधानाच्या हस्तक्षेपावरच आक्षेप घेतला. शेवटी इस्मेतला माघार घ्यावी लागली.

खटला इझमिरच्या एका चित्रपटगृहात चालला. वकील नाही, अपील नाही. १३ जुलैला निकाल. काराबेकिर, अली फुआत, रेफेत, जाफेर तैय्यार सुटले. पण ज्यांना फाशी झाली त्यांत रुश्तू पाशा होता, पूर्व आघाडीवर काराबेकिरच्या हाताखाली डिव्हिजन सांभाळलेला. आणि कर्नल आरिफ, केमालचा जुना जिवलग.

सुभेदार_बेळगाव

इथे मी थांबतो आणि स्पष्ट सांगतो. अपील नसलेल्या न्यायालयात सेनापतीला उभं करणं मला मान्य नाही. शिस्त म्हणजे हे नव्हे. कोर्ट मार्शललासुद्धा बचावाचा हक्क असतो. पण मी नियमाबद्दल बोललो होतो आणि त्यावर ठाम आहे. नियम १९२४ चा, हे पाप १९२५-२६ चं. दोन्हींची सरमिसळ करू नका.

रानजाई

पण साहेब, एकातून दुसरं निघालं ना! गणवेश उतरवल्यावर त्या माणसाचं रक्षण करायला कायदा हवा होता. गणवेश उतरवायला लावला आणि कायदाच काढून घेतला. सैनिकाने नागरिक व्हायचं तर नागरिकाला काही हक्क असायला नकोत का?

घटोत्कच_पुणे

+१ रानजाई. हा मुद्दा पटला.

खडीसाखर

सुटल्यावर काय झालं तेही सांगायला हवं, कारण मला तो भाग सगळ्यांत कठीण वाटतो.

१९२७ मध्ये त्याला निवृत्त केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केमालने सहा दिवसांचं ते प्रसिद्ध भाषण केलं आणि त्यात या पक्षाचा कार्यक्रम देशद्रोही डोक्यांतून निघाल्याचं म्हटलं. काराबेकिर इस्तंबूलच्या एरेनक्योयमधल्या घरात बसला. पोलीस पाळतीवर. घरात पत्नी इक्लाल आणि मुली. आणि जवळ कागदपत्रांच्या पेट्या: तारा, हुकूम, रोजनिशा. तो शांतपणे लिहीत राहिला.

१९३३ मध्ये 'मिल्लियेत'मधल्या लेखांना त्याने पत्रांतून उत्तर द्यायला सुरुवात केली. स्वातंत्र्ययुद्धावर आपलं पुस्तक छापायला दिलं. छपाई पुरी होत असतानाच प्रती जप्त करून जाळल्या. घरावर छापा, कागद नेले. मोठं पुस्तक शेवटी १९६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी आलं. त्यावरही खटला झाला, आणि ते मोकळं व्हायला ते दशक जवळजवळ संपलं.

मी कागद जपणाऱ्या घरातली आहे, आजोबांनी सगळे दस्त ट्रंकेत ठेवले होते. म्हणून सांगते, माणसाला गप्प बसवलं तरी त्याने तारीखवार जपलेले कागद पुढे सगळ्या अधिकृत कथेला प्रश्न विचारत राहतात. आज १९१९ च्या एर्झुरुमबद्दल लिहिणारा एकही इतिहासकार त्याच्या कागदांशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

ऐन_दुपार

सहमत, एक इशारा जोडून. ते त्याचे कागद आहेत, त्याने निवडलेले. १९२० च्या मोहिमेबद्दल ते वाचताना आर्मेनियन बाजूचे कागदही शेजारी हवेत.

पारवा

मग तो असाच संपला?

अक्षांश

नाही. १० नोव्हेंबर १९३८ ला केमाल अतातुर्क गेला आणि दुसऱ्या दिवशी इस्मेत राष्ट्राध्यक्ष झाला. इस्मेत आणि काराबेकिर तरुणपणापासूनचे मित्र. १९३९ च्या सुरुवातीला काराबेकिर इस्तंबूलचा खासदार म्हणून संसदेत परतला. जुलै १९४६ मध्ये पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली आणि ऑगस्टमध्ये तो संसदेचा अध्यक्ष झाला. २६ जानेवारी १९४८ ला त्या पदावर असतानाच वारला. त्याच्या जागी आला अली फुआत, १९२४ मध्ये त्याच्या पाठोपाठ राजीनामा देणारा आणि १९२६ मध्ये त्याच्याबरोबर खटल्यात उभा असलेला.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. तत्त्व की डाव? रानजाईंचं म्हणणं मला अधिक पटतं, पण सुभेदारसाहेबांनी नियम आणि खटला यांत केलेल्या फरकालाही जागा आहे असं वाटतं. अजून एका माणसाकडे बघा: फेव्झी चाकमाक. त्याने फौज निवडली, दोन दशकं सेनाप्रमुख राहिला, राजकारणाचा शब्द काढला नाही. जानेवारी १९४४ मध्ये इस्मेतने वयोमर्यादेवर त्याला निवृत्त केलं. आणि १९४६ मध्ये हाच मार्शल विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या पाठिंब्याने खासदार झाला.

रानजाई

म्हणजे १९४६ च्या त्या सभागृहात गंमत बघा. १९२४ मध्ये संसद निवडून शिक्षा भोगलेला पाशा सरकारी पक्षाकडून संसदेचा अध्यक्ष म्हणून वर बसलेला, आणि फौज निवडून निष्ठा सिद्ध केलेला मार्शल समोर विरोधी बाकांवर. बावीस वर्षांत दोघांच्या जागा उलट झाल्या. मला तरी यातून हेच दिसतं की सेनापतींच्या मनातलं राजकारण नियमाने कधी संपलं नव्हतं, फक्त कुणी बोलायचं आणि कधी बोलायचं ते एकच माणूस ठरवत होता.

सुभेदार_बेळगाव

रानजाईताई, हेच उदाहरण मी माझ्या बाजूने वापरीन! चाकमाक यांनी गणवेश असेपर्यंत तोंड उघडलं नाही, उतरवल्यावर निवडणूक लढवली आणि सभागृहात जाऊन बसले. त्यांना कुणी फाशीच्या खटल्यात उभं केलं नाही. १९२४ चा नियम तोच होता. १९४६ मध्ये तो पाळला गेला, कारण तोवर विरोधी बाक नावाची वस्तू सभागृहात आली होती. काराबेकिर पाशांना १९२४ मध्ये तो बाक मिळाला असता तर त्यांनीही तेच केलं असतं.

रानजाई

साहेब, 'तो बाक मिळाला असता तर'! बाक त्यांनी स्वतःच तयार केला होता. जून १९२५ मध्ये तो मोडला कुणी, एवढाच माझा प्रश्न आहे.

घटोत्कच_पुणे

दोघांनीही थांबू नका. चाकमाकवर स्वतंत्र धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. १९४४ ची ती निवृत्ती नक्की कशी घडली ते वाचायचं आहे.

अक्षांश

काढतो. साकार्यापासून सुरुवात करेन.